झगा अंगावर असताना

"हात जरा वर घ्या, बिशपसाहेब. आणखी. हं, असेच राहू द्या."

शिंपीणबाईने ओठांत धरलेली टाचणी काढली आणि काखेखालच्या कापडात खोचली. बिशप बुटक्या स्टुलावर उभे होते. अंगात नवा झगा, अजून नुसत्या कच्च्या टाक्याचा, जागोजागी टाचण्या. रविवारी चर्चला शंभर वर्षं पुरी होत होती. त्या दिवशी बिशप नव्या झग्यात दिसणार, हे पोराटोरांनाही माहीत होतं.

"कंबर दोन बोटं वाढलीय," ती म्हणाली.

"एवढे उपास करूनही?"

"उपासानंच वाढते, साहेब. माझ्याकडे येणाऱ्या सगळ्यांचं तेच आहे."

बिशप हसले. खिडकीशी बसलेले सेक्रेटरी फादरही हसले. बिशपांचा प्रत्येक झगा मापला जाताना ते असेच तिथे बसलेले असत. बिशप हसले की हसायची त्यांना सवय झाली होती.

बाई मागच्या बाजूला गेली. पाठीची शिवण ओढून पाहत, आवाज न बदलता म्हणाली, "माझ्या धाकट्या पोराला काल पोलीस ठाण्यात परत बोलावलं होतं."

तिने शिवणीवर खडूची खूण केली.

"तुमचा जबाब त्याला वाचून दाखवला. गाणं शिकवायचे त्या फादरांबद्दल तुमच्या कानावर कधी काहीच आलं नव्हतं, असं सांगितलंत म्हणे."

"बाई, हा विषय इथं नको."

"मग कुठं? ऑफिसात तीनदा आले. तुम्ही दौऱ्यावर. सापडता ते इथंच."

"मावशी, वेळ होतोय," सेक्रेटरी फादर खिडकीजवळून म्हणाले.

"माझंही काम चालूच आहे, फादर." तिने आणखी एक टाचणी खोचली. "साहेब, मी तुम्हाला सांगितलं होतं. ह्याच खोलीत. धाकटा लहान होता तेव्हा, जांभळ्या झग्याचं माप घेत होते. गाण्याच्या तासाला जायचं म्हटलं की पोर ओकतं, तास सुटल्यावर फादर त्याला मागं ठेवून घेतात, काय करतात, सगळं सांगितलं. तुम्ही बघतो म्हणालात. मग फादरांची बदली झाली. शाळेवर. तिथं तर पोरं रात्रंदिवस राहायलाच असतात."

"मला आठवत नाही."

ती पुढे आली आणि खालचा घेर दुमडायला गुडघ्यांवर बसली. या वयात खाली बसणं सोपं नव्हतं, उठणं त्याहून अवघड. तिने घेर एकसारखा धरला आणि तिथूनच बोलत राहिली.

"त्या शाळेतल्या दोघांनी आता तोंड उघडलंय. मिशा फुटलेली माणसं आहेत ती, धाकट्यासमोर रडली. माहीत असून ज्यांनी फादरांना तिकडं धाडलं, त्यांनाही जाब विचारा, असं तिघांचं म्हणणं आहे. तुम्ही कानांवर हात ठेवलेत तर ते तिथंच मिटतं. मग पुढं दुसरे कुणी फादर, दुसरी कुठली शाळा."

"हे पाहा." बिशपांचा आवाज चढला. हात मात्र तसेच आडवे होते. "माप घेताना माणसं शंभर गोष्टी बोलतात. तुम्ही नवऱ्याचं बोलता, सुनेचं बोलता, भाजीवालीचं बोलता. त्यातच तोंडात टाचण्या धरून हेही बोललात. त्याला तक्रार म्हणायचं? तक्रार रीतसर ऑफिसात यायला हवी होती."

बाईचे हात थांबले.

"म्हणजे ऐकलं होतं तर," ती म्हणाली.

शेजारच्या हॉलमध्ये कुणी तरी खुर्च्या सरकवत होतं. बिशपांनी हात खाली घेतले आणि लगेच परत वर केले. टाचणी लागली असावी.

"मी तसं म्हणालो नाही. मी आपली एक साधी गोष्ट बोललो. काढा हे. मला मीटिंग आहे."

"काढते."

स्टुलाला धरून ती उठली. टोचतील तेवढ्या टाचण्या तिने काढून घेतल्या. घाई केली नाही, मुद्दाम रेंगाळलीही नाही. असा जड झगा एकट्याने उतरवता येत नाही, टाके उसवतात. सेक्रेटरी फादर नेहमीप्रमाणे उठून आले. एक बाजू त्यांनी धरली, एक तिने, आणि दोघांनी मिळून झगा वर उचलला. बिशपांचं डोकं कापडाच्या आत गेलं.

बाईने कापडावरून फादरांकडे पाहिलं.

"तुम्ही ऐकलंत ना, फादर?"

फादरांनी हातातल्या काठाकडे पाहिलं. आतून बिशपांचा आवाज आला, काय म्हणाले ते कळलं नाही.

"ऐकलं," फादर म्हणाले. मग काठ नीट धरत, "तेव्हाही ऐकलं होतं."

झगा निघाला. बिशपांचे केस उभे राहिले होते, चष्मा एका कानावर लोंबत होता. तो सारखा करत त्यांनी विचारलं, "काय म्हणालात, फादर?"

फादरांनी झगा हातावर घेतला होता. बिशपांकडे न बघता ते बाईला म्हणाले, "मावशी, धाकटा परत कधी जाणार आहे ठाण्यात?"

"उद्या सकाळी." आभार मानायचं तिच्यात त्राण नव्हतं, चिडायचंही नव्हतं. "एकटाच जातो. ठाण्यातले साहेब बोलावतील तोवर बाहेरच्या बाकावर बसून असतो."

"त्याला म्हणावं," फादर म्हणाले, "जरा सरकून बस."