सीटमधला खळगा

नात पाऊल टाकायला लागली त्या वर्षी सून नवऱ्याची क्रूझर मोटारसायकल घेऊन गॅरेजमध्ये गेली. सासरे न बोलावता मागून आले. मिस्त्रीने जुनी सीट खोलली आणि भंगारात टाकायला निघाला, तशी त्यांनी ती त्याच्या हातातून हिसकावली. एकट्याची सीट. मधोमध खळगा. मुलाच्या बसण्याने पडलेला.

मुलगा गेल्यापासून सासरे गाडी रोज पुसत, पण कुणाला हात लावू देत नसत. सुनेला नोकरी मिळाली ती गावाबाहेरच्या कारखान्यात. जुन्या हँडलपर्यंत तिचे हात नीट पोचत नव्हते. गाडी माझ्या मापाची होईल, नाहीतर विकली जाईल, असं तिने तोंडावर सांगितलं होतं. तेव्हापासून घरात दोघांचा अबोला होता.

मिस्त्रीची एक पद्धत होती. माणसाला गाडीवर बसवायचं, डोळे मिटायला लावायचे, खांदे सैल सोडून हात पुढे करायला सांगायचे. हात थांबतील तिथे हँडल आलं पाहिजे. सीटच्या जागी गोणपाट टाकून सून बसली आणि तिने डोळे मिटले. हिला उघड्या डोळ्यांनी तरी कुठे पुढचं दिसतं, असं सासरे मिस्त्रीला म्हणाले. दिसतं, म्हणूनच तुमच्याकडे बघत नाही, असं ती डोळे न उघडता म्हणाली. मिस्त्रीला हसू येत होतं. तो खाली वाकून पाना शोधू लागला.

पहिलं हँडल उंच आणि मागे वळलेलं होतं. म्हशीची शिंगं, सासऱ्यांनी निकाल दिला. दुसरं जुन्यासारखंच सरळ. हेच बसव, ते म्हणाले. सुनेलाही आता चेव आला होता. तिने पुढे ओणवं होऊन मुठी पकडल्या आणि घ्या, तुमच्या मनासारखं, म्हणाली.

सासऱ्यांनी उभा जन्म बस चालवली होती. त्यांची नजर तिच्या कोपरांवर गेली.

"काढ ते," ते मिस्त्रीवर खेकसले. "कोपरं अशी ताठ राहिली तर ही वळण कशी घेणार? शिंगंच लाव."

सुनेने मुठी सोडल्या. मग सीटची पाळी आली. तिने दोघांची लांब सीट मागितली, मागे टेकायला पाठ असलेली. सासऱ्यांचा आवाज पुन्हा चढला.

"मागे कोण बसणार आहे?"

"तुम्ही. दवाखान्यात जायला बस मिळत नाही म्हणून रोज माझं डोकं खायचात ना."

घरी येताना ते जुनी सीट मांडीवर घेऊन मागे बसले आणि वाटभर तिच्या गिअर टाकण्याला नावं ठेवत राहिले.

मुलगा काविळीने गेला, नात पोटात असताना. सासरे गेले ते नात शाळेत जायला लागली त्या वर्षी, उन्हाळा संपता संपता. तोवर नव्या सीटला मागेही खळगा पडला होता.