खंडेनवमीचा नारळ

खंडेनवमीला अनगोळच्या मैदानावर हौशी मंडळींनी आपापल्या रिमोटच्या गाड्या पूजेला मांडल्या होत्या. पूजा आटपली की शर्यत. परशरामची गाडीही शेवंतीच्या माळेत सजली होती, पण त्याची नजर आदर्शच्या गाडीवरून हटेना. ह्याला सोल्डरिंग शिकवलं आपण, आणि गेल्या साली ह्यानंच आपल्याला हरवलं! आता तर नवी मोटरही बसवलेली. परशरामच्या पोटात दुखू लागलं. थोरला म्हणून नारळ त्याच्याच हातात आला. त्यानं तो फोडला आणि देवाचं नाव घेत सगळं पाणी आदर्शच्या गाडीवर ओतलं. सर्किट भिजलं की खेळ खलास! “अरं, लई सांडलं बघ,” तो हळहळला. आदर्शनं हसत गाडीची बॉडी उचलली. आत सर्किटवर, पाणी लागू नये म्हणून, रबरी फुगा चढवून घट्ट बांधलेला होता. “काळजी नको, अण्णा. तुमच्या गाडीलाबी सकाळीच बांधलाय. तीच बंद पडली, तर हरवू कुणाला?”