औषधाच्या दुकानासमोरचा ठिपका

ऑफिससाठी वाहतुकीचं नवं सॉफ्टवेअर निवडायचं काम इंजिनिअर बाईंच्या गळ्यात पडलं. घरी वाट बघणारं कुणी नसल्यामुळे असली वेळखाऊ कामं त्यांच्याकडेच यायची.

पद्धत सरळ होती. एकाच चौकातल्या रहदारीची मोजणी प्रत्येक सॉफ्टवेअरमध्ये भरायची आणि पडद्यावरच्या गाड्या, माणसं खऱ्यासारखी चालतात का ते बघायचं.

पहिल्यात सगळं झकास होतं. फक्त पादचाऱ्याचा एक ठिपका औषधाच्या दुकानासमोर उभाच राहिला. सिग्नल हिरवा झाला की बाकीचे ठिपके पलीकडे जात, हा ढिम्म हलत नव्हता. बाईंनी त्या सॉफ्टवेअरवर फुली मारली.

दुसऱ्यातही तो तिथेच उभा होता.

"ताई, त्याला कुठे जायचंय तेच भरायचं राहिलं असेल," शेजारच्या टेबलावरचा सहकारी म्हणाला. "मग बिचारा जाणार कुठे?"

बाईंनी सगळी माहिती पुन्हा तपासली. तिच्यात तो माणूसच नव्हता.

भर दुपारी त्या स्वतः चौकात गेल्या. औषधाच्या दुकानासमोर कुणीच नव्हतं. नेमक्या त्या जागी उभं राहून त्यांनी सहकाऱ्याला फोन लावला आणि पडद्यावर बघायला सांगितलं.

"कमाल झाली, ताई!" तो हसला. "ठिपका आत्ताच निघाला. गेलासुद्धा पलीकडे! झालं काम, या परत."

सिग्नल हिरवा झाला. आजूबाजूची माणसं रस्ता ओलांडू लागली.

बाईही निघणार होत्या. पण कुठे जायचंय, तेच त्यांना आठवेना.