खडूला लागणारा किडा

रबराची तिसरी पट्टीही तुटली. वीस शेरांचं वजन धाडकन खाली आपटलं. फौजेच्या साहेबाने उडी मारून पाय वाचवला. एरवी शेडमधला कामगार चांगो हसून लोळला असता. आज त्याने वजन उचलून बाजूला केलं.

आता उरली एकच पट्टी. साहेबाने पन्नास मोजेपर्यंत ती टिकली, तर वाशिंदच्या या शेडला फौजेचं काम मिळणार. नाहीतर उद्यापासून कुलूप आणि चौदा जण घरी.

लढाईमुळे झाडाचं रबर यायचं बंद झालं होतं. आता यायचं ते कारखान्यात बनवलेलं. त्यात खडूची भुकटी घालून दोन फिरत्या लोखंडी रुळांमध्ये मळायचं. पण कितीही मळा, खडूच्या गुठळ्या राहायच्याच. तिन्ही पट्ट्या नेमक्या पांढऱ्या गुठळीपाशी फाटल्या होत्या.

आणि चौथ्या पट्टीत चांगोची मस्करी होती.

भुकटी चाळायला धसईची गिरजा नवीनच आली होती. परवा चांगोने तोंड गंभीर करून तिला सांगितलं, "गिरजे, वाल भरून ठेवताना एरंडेल चोळता ना? तसं या खडूलापण चोळायचं. नायतर किडा लागतो."

"खडूला?"

"इलायती किडा गो. लई वंगाळ."

गिरजा दिवसभर खडूला तेल चोळत बसली. बाकीचे पोट धरून हसले. ते पोतं गुपचूप फेकून द्यायचं चांगोने ठरवलं होतं. पण काल कोरडा खडू कमी पडला आणि शेठने स्वतःच तेच पोतं रुळांवर ओतलं.

"शेठ, ही पट्टी नको," चांगो म्हणाला.

"का रे?"

चांगोने पट्टीकडे हात नेला, पण ती साहेबाने आधीच उचलली होती.

साहेबाने पट्टी तुळईच्या आकड्याला अडकवली, खाली वजन टांगलं. पट्टी ताणली. वीतभर. दीड वीत. चांगो दाराकडे सरकला, परत आला, पुन्हा सरकला. तीस. चाळीस. पट्टी थरथरत होती. पन्नास! साहेबाने वजनावर स्वतःचा बूट ठेवून दाबलं. तरी तुटेना. वजन काढलं तशी चटकन होती तेवढी झाली.

"यात काय घातलं?" साहेबाने विचारलं.

चांगोची छाती एका क्षणात फुगली. "तेल चोळलेला खडू, साहेब. आपलीच युक्ती हाय."

"मग इथून पुढे सगळा खडू असाच पाहिजे. पहिल्या कामालाच चाळीस पोती लागतील."

साहेब शेठबरोबर बाहेर पडला. गिरजाने पुढे होऊन एरंडेलाचा डबा चांगोच्या हातात दिला.

"खडूला किडा लागत नाय, हे मला परवाच ठावं व्हतं, दादा. पण तेल लागलं की गुठळ्या सुटत व्हत्या, म्हणून चोळत रायले. आता युक्ती तुझी, तर ती चाळीस पोतीपण तूच चोळ."