अमावस्येचा नारळ

"गुलाब, ही गाडी झपाटलेली आहे गो. उद्या गिऱ्हाईक येतंय, विकून टाकतो," बाबलकाका वैतागून म्हणाले. याच मोटरसायकलवरून ते गावोगाव पाव विकायचे. पण बॅटरी नवी घातली तरी अमावस्या उलटली की हॉर्न, दिवा, सेल्फ सगळंच गप्प व्हायचं.

"विका खुशाल, पण आधी मला बघू द्या," म्हणत गॅरेजवाल्या गुलाबने बॅटरीला मीटर लावला. किक मारून रेस वाढवली, तरी आकडा तसूभर हलेना. म्हणजे चार्जिंग बॅटरीपर्यंत पोचतच नव्हतं. तिने इंजिनातली कॉइल तपासली. ती चांगली होती. मग चोर मधल्या वाटेवरच असणार! तिने बॅटरीशेजारचा वायरींचा जोड उपसला. आतल्या पितळी पिना हिरव्यागार आणि चिकट झाल्या होत्या. तिने वास घेतला आणि तिला हसूच फुटलं.

"काका, अमावस्येला नारळ कुठे फोडता?"

"गाडीसमोरच. पाणी मात्र बॅटरीवर ओततो. दुखणं तिथलंच ना!"

गुलाबने पिना घासून लखलखीत केल्या, जोड घट्ट बसवला आणि पुन्हा रेस दिली. आकडा सरसर चढला.

"नारळ फोडा," ती म्हणाली, "पाणी तेवढं गाडीला पाजू नका."

पुढच्या अमावस्येला गॅरेजच्या दारात ठणठणीत हॉर्न वाजला. काकांनी पायरीवर नारळ फोडला आणि करवंटीतलं पाणी गुलाबपुढे धरलं.

"पी गो बाय. गाडीला पथ्य आहे."