चिकूला वळसा घालणारं इंजिन

"बाबा, ह्या इंजिनात बसणार तरी कोण?"

हे विचारायची पैज मैत्रिणींनी माझ्याशी लावली होती. त्या वर्कशॉपच्या दाराआड खुसखुसत होत्या. पत्रा कापण्याआधी बाबा सगळं फरशीवर खडूनं खऱ्या मापात आखतात. आज त्यांनी वाफेचं छोटं इंजिन आखलं होतं, आत बसून अंगणात फिरवायचं.

"तूच की! सीट तुझ्याच मापाची आहे."

मी ऐटीत खडूच्या चौकोनात बसले, तर गुडघे थेट बॉयलरमध्ये! माप घेतलं तेव्हा मी दुसरीत होते. मग ऑर्डरी येत गेल्या आणि इंजिन राहूनच गेलं. आता मी दहावीत.

मैत्रिणी खिदळल्या. बाबा मात्र ओल्या फडक्यानं खडू पुसायला लागले. "लांब केलं तर अंगणातल्या चिकूच्या झाडापाशी वळणार नाही गं. उशीरच झाला."

"चिकूला हात लावायचा नाही हं," चहा घेऊन आलेली आई म्हणाली.

मी फडकं हिसकावलं. "उसाचा ट्रॅक्टर दोन ट्रॉल्या घेऊन आपल्या बोळातून वळतोच ना, बाबा? तसंच करू. वर बॉयलर एकच, खाली चाकांचे दोन गाडे, वेगवेगळे वळणारे!"

बाबांनी फरशीवर बोटानं ते वळण काढून पाहिलं. मग त्यांनी खडू हळूच माझ्या हातात दिला.

मी सीट लांब केली, मागे आणखी दोन काढल्या.

"ठरलं. इंजिन मी चालवणार. आई, बाबा, तुम्ही दोघं मागे बसायचं, आणि वळणावर ओरडायचं नाही!"