दोनशे चौदा नंबरचा कॅचर

"हा संच पुरा झाला की बास, जोलीन. पुढच्या वर्षापासून बेसबॉलची कार्डं बंद," ऑर्व्हिल म्हणाले आणि दुखरा गुडघा दोन्ही हातांनी उचलून गाडीत घेतला.

"गेल्या वर्षी पण हेच म्हणाला होतात, बाबा."

"गेल्या वर्षी गुडघा बरा होता. आणि कार्डवाल्या कंपनीला थोडी तरी लाज होती. आता बघ! पहिली मालिका, दुसरी मालिका, वर पुरवणी. त्यात एकाच पोराचं कार्ड साधं, निळं, सोनेरी, चमचमतं. अरे, बेसबॉलपटू आहे की नाताळचं झाड?"

जोलीन हसली आणि तिने गाडी फिंडलेच्या रस्त्याला लावली. दोन्ही बाजूंना मका कापून झाला होता.

खेळाडूंच्या फोटोंच्या यंदाच्या साडेतीनशे कार्डांत एकच अडलं होतं. दोनशे चौदा नंबर, लॉनी क्रुपा, क्लीव्हलँड संघाचा राखीव कॅचर, फलंदाजामागे बसून चेंडू झेलणारा. सगळा उन्हाळा बाकावर बसून काढलेला माणूस, पण बापलेकीला त्याने ओहायोभर वणवण फिरवलं होतं. एप्रिलपासून दर शनिवारी एखादं दुकान, नाहीतर कुठल्यातरी गावच्या हॉलमधला कार्डांचा बाजार.

"फोनवरून मागवू का? दोन दिवसांत दारात येईल," जोलीनने एकदा विचारलं होतं.

"मागवणं म्हणजे जमवणं नव्हे," ऑर्व्हिल फटकन म्हणाले होते. ती सात वर्षांची होती तेव्हापासून घरात हाच कायदा. कार्ड पाकिटातून निघालं पाहिजे, नाहीतर स्वतःच्या बोटांनी शोधलेलं पाहिजे.

गेल्या महिन्यात लायमाच्या एका दुकानात क्रुपा सापडलाही होता. ऑर्व्हिलनी तो खिडकीशी नेला, उलटसुलट केला आणि परत देऊन टाकला. "कोपरा मऊ आहे. नको." जोलीनला तो कोपरा चांगला टोकदार दिसत होता. पण मोतीबिंदू काढल्यापासून बाबांची नजर घारीची झाली होती, तेव्हा तिने त्यांचंच खरं मानलं. खरं सांगायचं तर तिचा जीव भांड्यात पडला.

कारण क्रुपा तिच्याच पर्समध्ये होता.

एप्रिलमध्ये स्वयंपाकघरातल्या टेबलावर दोघं पाकिटं फोडत बसले होते, तेव्हा तिच्याच पाकिटातून तो निघाला. तिने त्याला बशीखाली सरकवला आणि मग गुपचूप पर्समध्ये, प्लॅस्टिकच्या कडक पाकिटात. पन्नाशीची बाई आणि चोरी कसली, तर राखीव कॅचरची! पण करणार काय? आई गेल्यापासून बाबा घरात बोलायचे म्हणजे 'हं' आणि 'बरं'. कार्डांच्या शोधात गाडीत बसले की मात्र जीभ सुटायची. काच कारखान्यातल्या गमती, आईने पहिल्याच भेटीत स्टेडियममध्ये त्यांच्या शर्टावर सांडलेली मोहरीची चटणी, सगळं सगळं. संच पुरा झाला की हे शनिवार गेले. मग ती कोणत्या निमित्ताने येणार, आणि आली तरी दोघं बोलणार काय?

"तुझे शनिवार खातोय मी," ऑर्व्हिल आज अचानक म्हणाले. ते खिडकीबाहेर बघत होते. "एकदा हा क्रुपा मिळाला की तू सुटशील बघ."

"मी कुठे तक्रार केली, बाबा?"

"तू कसली करतेस. आईवर गेलीयस."

फिंडलेच्या बाजाराच्या हॉलसमोर जोलीनने गाडी लावली. हॉलच्या पायऱ्या चढताना ते दोनदा थांबले, कठडा धरून धापा टाकू लागले. पुरे झालं, तिने ठरवलं. म्हाताऱ्या माणसाला आपल्या हौसेपायी किती दामटायचं? आजच्या आज सोडवून टाकायचं त्यांना.

"काय ऑर्व्हिल, अजून क्रुपा नाही?" पहिल्याच टेबलावरचा रस्टी ओरडला. "त्याच्या आईला फोन करून बघा, तिच्याकडे असतील ढीगभर!"

"तिनेही एव्हाना रद्दीत घातले असतील," ऑर्व्हिल म्हणाले. "यंदाचा डबा काढून ठेव. मी आधी स्वच्छतागृहात जाऊन येतो."

रस्टीने पांढरा लांबोडका पुठ्ठ्याचा डबा पुढे सरकवला आणि तो दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळला. जोलीनने नंबर चाळले. दोनशे तेरा, मग एकदम दोनशे पंधरा. तिने पर्समधून क्रुपा काढला, प्लॅस्टिक सोडवलं आणि दोघांच्या मधे त्याला उभा केला. चारी कोपरे सुईसारखे. आता बाबांना नाक मुरडायला जागाच नव्हती.

"तुम्ही बघा, मी कॉफी आणते," ते आल्यावर ती म्हणाली आणि कोपऱ्यातल्या कॉफीच्या टेबलाशी जाऊन उभी राहिली.

ऑर्व्हिल खुर्ची ओढून बसले. त्यांची बोटं कार्डांच्या कडांवरून चालू लागली, नेहमीसारखी, सावकाश. मग थांबली. त्यांनी एक कार्ड वर काढलं, दिव्याकडे धरलं, एकेक कोपरा निरखला. कार्ड उलटून मागचा मजकूरही वाचला. त्यांच्या चेहऱ्यावर हसू पसरलं आणि जोलीनचे डोळे भरून आले. संपलं, ती मनात म्हणाली. बरं झालं. रडण्यासारखं काय आहे त्यात, वेडे?

ऑर्व्हिलनी मान वर केली. रस्टीकडे पाहिलं, मग कॉफीच्या टेबलाकडे. जोलीनने घाईघाईने साखरेच्या पुड्यांकडे मान वळवली आणि पापण्यांआडून बघत राहिली. त्यांनी ते कार्ड डब्याच्या पार मागच्या टोकाला, तीनशेच्या गठ्ठ्यात खोल खुपसलं, वरून हात फिरवून सगळं सारखं केलं आणि झाकण लावलं.

"छे गं, जोलीन!" ते हॉलभर ऐकू जाईल असे ओरडले. "मेला इथंही नाही. पुढच्या शनिवारी डेटनला जाऊ या का?"